गवतातली बुरशी म्हणजे रोगच?

‘बुरशी लागली की झाड आजारी’ हा समज जुना आहे, आणि तो उगाच पडलेला नाही. तांबेऱ्याची पूड बोटाला लागते, पान वाळतं. डोळ्यांना दिसणारी बुरशी बहुधा नुकसानच करत असते. राहून जाते ती न दिसणारी.

फेस्क्यू, राय अशा गवतांत एपिक्लोई नावाची बुरशी पेशींच्या मधल्या फटींत राहते. पान हिरवंगार, डाग एकही नाही. गवत तिला साखर पुरवतं, ती कीड दूर ठेवणारी अल्कलॉइड नावाची रसायनं बनवते आणि बियांतून पुढच्या पिढीत जाते. (यातली काही द्रव्यं चरणाऱ्या गुरांना बाधतात, ‘मित्र’ हा शब्दही जपूनच वापरावा.) पाण्याच्या ताणातही असं गवत अनेकदा जास्त तग धरतं, नेहमीच नव्हे.

उष्णतेचं उदाहरण तर थक्क करणारं आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांजवळचं एक गवत 65 अंश सेल्सियसपर्यंत तापलेली माती सोसतं, कारण त्याच्या आत कर्व्ह्युलारिया बुरशी असते. वेगळं केलं की 38 अंशांपुढे दोघांचाही निभाव लागत नाही. बुरशीतला एक विषाणूही यात हवाच, हे 2007 मध्ये समोर आलं.

फेस्क्यू-रायच्या गवतात एपिक्लोई आहे का हे पडताळायचं असेल, तर पानाच्या देठाकडच्या आवरणाची आतली पातळ साल सोलून ॲनिलिन ब्लूने रंगवा आणि सूक्ष्मदर्शकाखाली 400 पट मोठी करून पाहा. पेशींच्या रांगांलगत, फारशा फांद्या न फुटलेले नागमोडी निळे धागे दिसतात.