बटन (ईमॅक्स लिस्प)

बटन : ईमॅक्स या मजकूर-संपादकाच्या बफरमधील (उघडलेला मजकूर ठेवण्याच्या जागेतील) क्रियाशील मजकूर. त्यावर क्लिक केले किंवा कर्सर नेऊन रिटर्न दाबले की त्याला बांधलेले, लिस्प या ईमॅक्सच्या भाषेतील फंक्शन चालते.

बटनांचा कोड असलेल्या बटन.ईएल या फाइलीचा काळ दोन तऱ्हेने मोजला जातो. माइल्स बेडर यांच्या या फाइलीवर स्वामित्वहक्काचे वर्ष २००१ आहे. प्रकाशित आवृत्त्यांत ती २००७ च्या ईमॅक्स २२ पासून दिसते. रचनेचा विचार करता २००१ हेच वर्ष धरणे सयुक्तिक. पेर अब्राहमसेन यांचे विजेट ग्रंथालय (तयार घटकांचा कोड-संग्रह) त्याआधीचे, पण ते फॉर्म भरण्यासाठी असल्याने वजनदार आहे. ओबेरॉन ही प्रणाली व ॲक्मी हा संपादक यांच्याशीही नाते जोडले जाते. मात्र ॲक्मीत मजकुरातील शब्द हाच आदेश असतो, तर ईमॅक्समध्ये क्रिया मजकुराला गुणधर्म म्हणून चिकटते; तेव्हा साम्य मान्य केले तरी वंश ठरत नाही.

बटने दोन जातींची : ‘इन्सर्ट-टेक्स्ट-बटन’ मजकूर-गुणधर्म वापरते, ‘इन्सर्ट-बटन’ ओव्हरले (मजकुरावर अंथरलेला वेगळा थर). ईमॅक्स २९ पूर्वी हजारो ओव्हरलेंनी बफर जड होई. लांब यादीला पहिली जात बरी. फक्त फॉन्ट-लॉक (मजकूर आपोआप रंगवणारी सोय) चालू असेल तर तिचा रंग पुसला जाऊ शकतो.

यवतमाळकडील एखाद्या जिनिंगच्या काट्यावरची यादी घ्या. ओळ अशी : ‘घाटंजी ३२.४० १२.१५ [पावती]’. भरल्या गाडीतून रिकामी वजा जाता कापूस २०.२५ क्विंटल. ‘[पावती]’वर ‘मेक-टेक्स्ट-बटन’ लावून ‘ॲक्शन’मध्ये फंक्शन द्यावे. त्या फंक्शनला बटन हा एक आर्ग्युमेंट (चालताना हाती दिलेली किंमत) मिळतो. तो न घेणारा लॅम्डा (बिननावाचे फंक्शन) क्लिक होताच चूक दाखवतो. डाव्या क्लिकसाठी ‘फॉलो-लिंक’ या गुणधर्माची किंमत ‘टी’ (लिस्पमधील ‘होय’) ठेवावी.

खरी फजिती लूपमध्ये ओळीओळीला बटन लावताना होते. फाइलीच्या पहिल्या ओळीत लेक्सिकल-बाइंडिंगची (फंक्शनने चलाची किंमत धरून ठेवण्याच्या पद्धतीची) खूण नसेल, तर ईमॅक्स ३० पर्यंत लूपचे चल लूपबरोबरच संपते आणि क्लिक केल्यावर ‘व्हॉइड-व्हेरिएबल’ (चलाला किंमतच नाही) ही चूक येते. कोड करून पाहायच्या स्क्रॅच बफरमध्ये ही पद्धत आधीच चालू असल्याने तोच कोड बिनबोभाट चालतो, म्हणून दोष लवकर सापडत नाही. वजने बटनाच्याच गुणधर्मात ठेवून ‘बटन-गेट’ने वाचली की हा प्रश्नच उरत नाही.

फाइल जतन केली तरी बटने जतन होत नाहीत. भारनियमनात वीज गेली आणि यादी पुन्हा उघडली, तर ‘[पावती]’ ही नुसती अक्षरे उरतात. ती जिवंत करणारे फंक्शन फाइल उघडताच चालणाऱ्या ‘फाइंड-फाइल-हुक’ला जोडावे, पण त्यात ‘इन्सर्ट’ नको. नाहीतर दर वेळी ओळीला आणखी एक ‘[पावती]’ लागते. सारे काम ‘विथ-सायलेंट-मॉडिफिकेशन्स’मध्ये गुंडाळावे, म्हणजे न बदललेली यादी बदलल्याचे दिसत नाही. कॉपी-पेस्ट केलेले बटनही मुके होते, कारण यँक (पेस्ट) करताना ‘कॅटेगरी’ (बटनाचा प्रकार) व ‘कीमॅप’ (कोणती कळ काय करते याचा तक्ता) हे गुणधर्म गाळले जातात.

टर्मिनलमध्ये माउस चालवायला ‘एक्सटर्म-माउस-मोड’ लागतो.