हिरडीजवळची काळी रेघ : दाताच्या कॅपमागची पार्श्वभूमी

लातूरला राहणाऱ्या मावशीच्या समोरच्या दाताला पंधरा वर्षांपूर्वी कॅप बसवली. आता ती हसली की हिरडीच्या कडेला काळपट रेघ दिसते. तेवढ्याच दाताभोवती हिरडी लाल आणि फुगलेली असते, ब्रश लागला की रक्त येतं. डॉक्टरांनी बारीक सळई कॅपच्या कडेवरून फिरवली, तर ती एका ठिकाणी अडकली. "इथं घाण धरते," ते म्हणाले. ही रेघ आली कुठून, हे समजायला शंभर-सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं.

तेव्हा सोन्याचा पत्रा ठोकून दातावर चढवत. कडा सैल, आत अन्न कुजायचं. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी माँट्रियलच्या भाषणात अशा कामावर कडाडून टीका केली. शरीरातल्या कितीतरी आजारांचं खापर त्यांनी दातांवर फोडलं आणि पुढं त्यापायी चांगले दातही उपटले गेले. पण सैल कडेखाली घाण साचते, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. त्याआधी, १९०७ साली विल्यम टॅगार्ट यांनी मेणाचा साचा जाळून त्यात सोनं ओतायची रीत दाखवली होती. तशी ओतीव कॅप दाताला घट्ट बसे. सोनं गंजत नाही, हिरडीही त्याला सहसा कुरकुर करत नाही.

सोनं दिसायला मात्र पिवळं. १९६०च्या दशकात धातूवर पोर्सेलीन (चिनी माती) भाजून चढवलेली कॅप आली आणि दात पांढरा दिसू लागला. फक्त कडेचा धातू काळा दिसे, म्हणून डॉक्टर ती कड हिरडीखाली लपवू लागले. माझ्या मते हिरडीचं खरं दुखणं इथून सुरू झालं. हिरडी आणि हाड यांच्यामध्ये दाताला घट्ट चिकटलेला ऊतींचा पट्टा असतो. १९६१ साली गार्जुलो आणि सहकाऱ्यांनी तो मोजला, सरासरी जेमतेम २ मिलिमीटर भरला. कड त्यात घुसली की हिरडी सुजते, नाहीतर मागं सरकते. मागं सरकली की लपवलेली रेघ उघडी पडते.

१९७०च्या दशकात सोन्याचा भाव भडकला आणि कॅपा बनवणारे लॅबवाले निकेल-क्रोमियम या स्वस्त मिश्रधातूकडे वळले. मराठवाड्यात परवडणारी म्हणून हीच कॅप घरोघरी पोचली. निकेलची ॲलर्जी बायकांमध्ये जास्त आढळते, कारण कान टोचल्यावर घातलेल्या स्वस्त दागिन्यांतून ती जडते. तरी लाल हिरडी दिसली की निकेललाच दोष देऊ नये. बहुतेक वेळा कारण कडेवर साचलेला जंतूंचा थरच असतो.

झिर्कोनिया म्हणजे पांढरं, कणखर सिरॅमिक; त्याच्या कॅपा नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून आल्या. नीट पॉलिश केलेल्या झिर्कोनियावर थर कमी धरतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रंग दाताचाच, त्यामुळे कड हिरडीच्या बरोबरीला किंवा वर ठेवता येते. पण चावा जुळवताना घासून खडबडीत सोडली, किंवा कॅप चिकटवायचं सिमेंट कडेखाली राहिलं, तर महागडी कॅपही हिरडी सुजवतेच. आपल्याकडं लोक "मेटल, सिरॅमिक की झिर्कोनिया, आणि किती रुपये" एवढंच विचारतात. कड कुठं येणार, हेही विचारायला हवं.

मावशीची जुनी कॅप काढली, तरी नवीचं माप लगेच घेतलं नाही. रक्त येत असलं की कडेचं माप नीट उठत नाही, म्हणून डॉक्टरांनी तात्पुरती कॅप लावून, दात साफ करून, आधी हिरडी बरी होऊ दिली.