दुखण्याची वाट पाहू नका

“मॉर्फिन लिहून दिलं, म्हणजे आता संपलंच.” कॅन्सरचा पेशंट असलेल्या घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं. मग दुखणं कमी करणारी ती गोळी कपाटात राहते, अगदीच असह्य झालं की द्यायची म्हणून. शरीरात मात्र नेमकं उलटं घडत असतं.

दुखऱ्या जागेचा संदेश मज्जारज्जूच्या मागच्या भागात पोचतो. तिथे एक चेतापेशी ग्लुटामेट नावाचं संदेश देणारं रसायन सोडते, पुढची ते टिपते. या पुढच्या पेशीवर एनएमडीए नावाचा ग्राही, म्हणजे रसायनाचा संदेश टिपणारं दार, असतो. एरवी त्याच्या तोंडात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. कळा थांबेनाशा झाल्या की पेशीचा विद्युतदाब बदलतो, बूच सुटतं, कॅल्शियम आत शिरतं आणि पेशी जास्तच हळवी होते. मग चादर नुसती लागली तरी माणूस कळवळतो. सोसलेलं दुखणं पुढच्या दुखण्याला धार लावतं!

मॉर्फिन दोन पेशींच्या याच सांध्यावर काम करतं. म्यू नावाच्या दुसऱ्या ग्राहीला चिकटून ते अलीकडच्या पेशीतले कॅल्शियमचे मार्ग बंद करतं, त्यामुळे ग्लुटामेट कमी सुटतं. पलीकडच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडू लागतं, त्यामुळे ती सहजासहजी उत्तेजित होत नाही. साध्या गोळीचा असर सुमारे चार तास टिकतो. म्हणून कळ उठायच्या आत, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, घड्याळ बघून डोस द्यायचा. सोबत बद्धकोष्ठाचं औषधही हवंच.

दिवसाला पाच-सहा डोस, रोज, कित्येक आठवडे. घरात एकटी म्हातारी बायको असेल तर हे कोण सांभाळणार? हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांत काळजी घेणाऱ्या केंद्राची, गरज इथे लागते. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे. पण खाटा मोजक्याच, आणि बहुतेकांना शेवटचे दिवस घरीच काढायचे असतात. केरळने यावर उत्तर शोधलं. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं. पुढे गल्लोगल्लीचे स्वयंसेवक शिकून तयार झाले, नर्सबरोबर घरोघरी जाऊ लागले. २००८ मध्ये राज्याचं धोरणही आलं.

“मागच्या जन्मीचे भोग आहेत, भोगून संपवावेत” असं उशाशी बसून सांगणाऱ्यांचा मला संताप येतो. ग्लुटामेटला पूर्वजन्म माहीत नसतो. आणि या उपचारांनी मरण लवकर येतं, हीही भीतीच. २०१० मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या वाढलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी करणारी काळजी, मिळालेला गट सुमारे पावणेतीन महिने जास्त जगला.

आपल्या गणेश मंडळांकडे माणसं आहेत, वर्गणी आहे, कुणाच्या घरी कोण अंथरुणाला खिळलंय याची खबरही आहे. हवेची गादी, नर्सच्या रिक्षाचं भाडं, डोसच्या वेळी हजर राहील असं कुणीतरी, एवढ्यापासून यंदाच सुरुवात करता येईल.