भागीदारी संस्था (भारतीय कायदा)

धंद्याचा नफा वाटून घ्यायचे ठरवून दोन किंवा अधिक व्यक्ती एकत्र आल्या, आणि तो धंदा सर्वांनी किंवा सर्वांच्या वतीने एकाने चालवला, की त्यांच्यात भागीदारीचे नाते निर्माण होते. हा विषय १ ऑक्टोबर १९३२ पासून भारतीय भागीदारी अधिनियमाखाली येतो; त्याआधी तो १८७२च्या करार कायद्यातच होता. सध्या एका संस्थेत जास्तीत जास्त ५० भागीदार असू शकतात.

हे नाते करारातूनच जुळते. एकत्र हिंदू कुटुंबाचे पिढीजात दुकान म्हणूनच भागीदारी ठरत नाही, कारण तिथला हक्क जन्माने येतो. करार तोंडीही चालतो. पण तोंडी व्यवहारात जे ठरवायचे राहून जाते, तिथे कायदा आपले नियम लावतो आणि भांडणे बहुधा तिथेच पेटतात. समजा, एकाने यंत्रमागांसाठी आठ लाख घातले आणि दुसरा दिवसरात्र कारखान्यात राबला. वेगळे काही ठरले नसेल तर नफा-तोटा निम्मा-निम्मा. भांडवलावर व्याज नाही, राबणाऱ्याला पगारही नाही. ठरलेल्या भांडवलापलीकडे कोणी उचल दिली असेल, तर तिच्यावर मात्र सालीना ६ टक्के व्याज मिळते. दोघांनाही हा हिशेब अन्यायाचा वाटेल. म्हणून मैत्री कितीही जुनी असली तरी भागीदारीपत्र लिहून घ्यावेच.

प्रत्येक भागीदार संस्थेचा प्रतिनिधी असतो. त्याने धंद्याच्या नेहमीच्या ओघात उधारीवर सूत उचलले, तर ते देणे सगळ्यांचे होते आणि सावकार पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून मागू शकतो. प्रसंगी राहत्या घरावरही गदा येते. हे ओझे नको असणाऱ्यांसाठी २००८च्या कायद्याने मर्यादित दायित्व भागीदारीचा वेगळा मार्ग दिला आहे. संस्थेच्या नावावर स्थावर मालमत्ता घेणे किंवा दावा मागे घेणे मात्र एकट्याच्या अधिकारात येत नाही.

निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही. पण ती नसेल तर कलम ६९ आड येते: करारावरून गिऱ्हाइकाकडची थकबाकी वसूल करायला संस्थेला दावा लावता येत नाही, उलट तिच्यावर मात्र दावा लागू शकतो. संस्था विसर्जित करून हिशेब मागण्याची मुभा या कलमात आहे. महाराष्ट्राने १९८४च्या दुरुस्तीने तीही बव्हंशी काढून घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये ती तरतूद घटनाबाह्य ठरवली.

मुदत ठरली नसेल तर भागीदारी ‘स्वेच्छा’ ठरते आणि कोणीही लेखी सूचना देऊन ती मोडू शकतो. तसे वेगळे ठरले नसेल तर एकाच्या मृत्यूनेही ती संपते. हिशेब मिटवताना आधी बाहेरची देणी, मग भागीदारांच्या उचली, नंतर भांडवल, आणि उरलेले वाट्याप्रमाणे. निवृत्त होणाऱ्याने आपापसात कागद करून भागत नाही. राजपत्रात आणि जिल्ह्यातल्या प्रादेशिक भाषेच्या वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते, नोंदणी असेल तर निबंधकालाही कळवावे लागते. तोवर त्याला भागीदार समजून माल देणाऱ्यांचे देणे त्याच्याही माथी राहते.