पोटगीच्या वसुलीसाठी पारपत्रावरील निर्बंध

मुलांच्या पोटगीची थकबाकी वसूल व्हावी म्हणून थकबाकीदार पालकाला पारपत्र (पासपोर्ट) नाकारणे, असलेले अडकवून ठेवणे किंवा देश सोडण्यास मनाई करणे हे उपाय काही देशांत योजले जातात. पगारातून रक्कम वळती करणे आणि मालमत्तेवर टाच आणणे हे नेहमीचे मार्ग तोकडे पडतात, ते मुख्यतः थकबाकीदार परदेशी निघून गेल्यावर.

अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने ५,००० डॉलरहून अधिक थकबाकी असलेल्यांना पारपत्र नाकारण्याची तरतूद झाली आणि पुढे ही मर्यादा २,५०० डॉलरवर आली. राज्याची वसुली यंत्रणा थकबाकीदाराचे नाव केंद्राकडे कळवते व परराष्ट्र खाते पारपत्र रोखते. ऑस्ट्रेलियात देश सोडण्यास मनाईचा आदेश निघू शकतो.

भारतात थकबाकीच्या रकमेवरून आपोआप लागू होणारा असा नियम नाही. मनेका गांधी खटल्यात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानल्याने न्याय्य कार्यपद्धतीवाचून तो रोखता येत नाही. आणि सुरेश नंदा खटल्यातील (२००८) निर्णयानुसार पारपत्र अडकवून ठेवण्याचा अधिकार फौजदारी न्यायालयाला नसून पारपत्र अधिकाऱ्याला आहे. पोटगी थकवणे हा स्वतः दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) नसल्याने केवळ तेवढ्यावर लुकआउट सर्क्युलर, म्हणजे विमानतळ-बंदरांवर त्या व्यक्तीला अडवण्याची सूचनाही सहसा निघत नाही. उरतो तो पारपत्र अधिनियम, १९६७ च्या कलम १०(३)(ह) चा आधार: न्यायालयाने समन्स किंवा अटक वॉरंट काढले असेल, अथवा देश सोडण्यास मनाई केली असेल, आणि ते पारपत्र अधिकाऱ्याच्या निदर्शनास आले, तर तो पारपत्र अडकवू शकतो.

‘निदर्शनास आले तर’ ही अट मुंबईत विशेष जाचक ठरते. येथील कौटुंबिक न्यायालय आणि प्रादेशिक पारपत्र कार्यालय ही दोन्ही वांद्रे-कुर्ला संकुलातच आहेत, तरी पोटगीची प्रत्येक थकबाकी पारपत्र कार्यालयाला कळवण्याचे बंधन कायद्याने कोणावर घातलेले नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) पोटगीविषयक कलम १४४ खाली वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करणे, वॉरंट काढवून घेणे, त्याची प्रमाणित प्रत मिळवणे आणि ती पारपत्र कार्यालयात नेऊन देणे, हा सगळा भार मुलाला एकटीने वाढवणाऱ्या आईवरच पडतो. तिची ही धावपळ चालू असताना नवरा आखातातल्या नोकरीवर रुजू झालेला असू शकतो, म्हणून वॉरंट निघताच न्यायालयाकडूनच पारपत्र कार्यालयाला कळवले जाणे अत्यंत गरजेचे आहे.

या उपायाला एक गंभीर मर्यादाही आहे. जहाजावर नोकरी करणाऱ्याचे पारपत्र अडकले की त्याची कमाई थांबते आणि पोटगी ज्या पगारातून यायची तोच आटतो. यामुळेच थकबाकीची रक्कम किंवा हमी न्यायालयात जमा करण्याच्या अटीवर प्रवासाची परवानगी देणे हा अधिक हितकारक मार्ग ठरतो, कारण त्यात नोकरी टिकते आणि थकलेले पैसेही मुलाच्या हाती पडतात.