शांतिसेना (यूएनचे निळ्या टोपीवाले)

शांतिसेना म्हटलं की आपल्याकडे बऱ्याच जणांना अजून १९८७ ची श्रीलंका आठवते, पण ती वेगळी, ती आपली एकट्याची फौज होती, तिचा यूएनशी काही संबंध नव्हता. ही नोंद निळी हेल्मेट घालून पांढऱ्या गाड्यांतून फिरणाऱ्यांची.

यूएनकडे स्वतःचं सैन्य नाही हे आधी डोक्यात ठेवा. सुरक्षा परिषद ठराव करते, मग देश आपापले जवान पाठवतात आणि यूएन त्या देशाला माणशी महिन्याला साधारण १,४०० डॉलर देतं. जवान देतात नेपाळ, बांगलादेश, रवांडा, भारत वगैरे, आणि खर्चाचा जवळपास निम्मा वाटा अमेरिका आणि चीन या दोघांच्या नावावर असतो. म्हणजे रक्त एकाचं आणि चेकबुक दुसऱ्याचं, ही कुरकुर जुनीच आहे.

सुरुवात १९४८ ला पॅलेस्टाइनमध्ये झाली, पण ते निरीक्षक होते, हातात शस्त्र नव्हतं. पहिली सशस्त्र तुकडी १९५६ ला इजिप्तमधल्या सुएझला गेली. निळ्या टोप्या शिवून यायला वेळ लागणार होता म्हणून अमेरिकन हेल्मेटच्या आतलं प्लास्टिकचं टोपडं घेतलं आणि त्यावर सरळ निळा रंग मारला, तीच पुढे ओळख झाली. नियम तीन ठरले: यजमान देशाची संमती, कुणाची बाजू घ्यायची नाही, आणि स्वसंरक्षणाशिवाय गोळी झाडायची नाही. यातला पहिला नियम सगळ्यात कच्चा. १९६७ ला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी निघा म्हटलं, यूएन निघालं आणि काही आठवड्यांत युद्ध पेटलं.

शीतयुद्ध संपल्यावर वाटलं आता काय, सगळे एकत्र आलेत. मग १९९४ ला रवांडा झालं, १९९५ ला जुन्या युगोस्लाव्हियातल्या बोस्नियात स्रेब्रेनिका, आणि दोन्हीकडे निळी हेल्मेट जागेवर असून लोक मारले गेले. (युगोस्लाव्हियातल्या त्या सेनेचे पहिले प्रमुख आपले मराठा लाइट इन्फंट्रीचे सतीश नंबियार, पण ते १९९३ लाच परत आले होते.) त्यानंतर १९९९ पासून ठरावांत सामान्य नागरिकांना वाचवणं हेही काम म्हणून लिहायला लागले, मोहिमा मोठ्या होत गेल्या आणि २०१५ च्या आसपास गणवेशातली माणसं लाखाच्या वर गेली. २०१४ च्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या मोहिमेनंतर मात्र एवढी मोठी नवी मोहीम उभीच राहिलेली नाही.

कारण जग बदललं. मालीत २०१३ पासून यूएन होतं, ३०० च्या वर माणसं गमावली, आणि जून २०२३ मध्ये तिथल्या लष्करी सरकारनं सांगितलं ताबडतोब चालते व्हा, त्यांच्याकडे तोवर रशियाचे वॅग्नरवाले भाडोत्री सैनिक आलेले होते. निघणंसुद्धा सोपं नव्हतं. उत्तरेकडच्या तळांवरचं सामान न्यायला ट्रक पाठवायचे तर सरकार परवानगी देईना, मग गाड्या, जनरेटर, दारूगोळा तिथेच निकामी करून टाकला आणि किदालहून निघालेल्या ताफ्याखाली वाटेत बॉम्ब फुटले. काँगोत तर २०१३ ला यूएननं चढाई करू शकेल अशी खास ब्रिगेड दिली होती, तरी जानेवारी २०२५ ला एम-२३ या बंडखोर गटानं तिथलं गोमा शहर घेतलंच.

मग आता चाललंय काय, तर काम तुकड्यातुकड्यांनी वाटून दिलं जातंय. हैतीत २०२४ ला गुंडांच्या टोळ्यांशी लढायला केनियाचे पोलीस गेले, ठराव सुरक्षा परिषदेचा पण मोहीम यूएनची नाही, पैसा ऐच्छिक देणग्यांचा, त्यामुळे ठरल्या २,५०० पैकी हजारेकच पोचले. २०२५ ला त्याचीच गँगविरोधी फौज केली आणि रसद-पाणी यूएननं बघायचं ठरलं. आफ्रिकेसाठी डिसेंबर २०२३ चा ठराव २७१९ आहे: लढायचं आफ्रिकन युनियननं, खर्चाचा ७५ टक्क्यांपर्यंत भाग यूएननं उचलायचा, पण प्रत्येक वेळी परिषदेची वेगळी मंजुरी लागते आणि गाडी तिथेच अडते. माझ्या मते खरा बदल हाच, यूएन बंदूक खाली ठेवून कंत्राटदार आणि कोठीवाला व्हायला लागलंय.

त्यात पैशाची बोंब. अमेरिकेची थकबाकी वाढली आणि ऑक्टोबर २०२५ ला यूएननं चालू मोहिमांतली साधारण पाव माणसं कमी करायचं जाहीर केलं. कपात अशी सरसकट झाली की गस्त कमी होते, आणि गस्त बंद झालेल्या रस्त्यावर आधी कोण येतं हे तिथल्या गावातल्या बायकांना विचारावं.

काही गोष्टी जमल्यासुद्धा आहेत. २००७ ला भारतानं लायबेरियात फक्त महिला पोलिसांची तुकडी पाठवली, जगात पहिलीच, ती २०१६ पर्यंत होती.

आणि लेबनॉन. १९७८ ला गेलेल्या तिथल्या मोहिमेच्या नावातच अंतरिम हा शब्द आहे, आपली बटालियन १९९८ पासून तिथे. ऑगस्ट २०२५ ला परिषदेनं शेवटची मुदतवाढ दिली, ३१ डिसेंबर २०२६ ला काम बंद आणि पुढच्या वर्षभरात सामान आवरून निघायचं.