डाव मांडणारा आणि डाव रचणारे

1969 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेसली या तरुणाने मित्रांसाठी एक युद्धखेळ मांडला. काळ नेपोलियनचा, जागा ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक जर्मन गाव. खरं तर फौजा दोन आणि सेनापतीही दोनच हवे होते, पण खेळायला आलेली मंडळी बरीच जास्त होती. म्हणून वेसलीने उरलेल्यांना गावातल्या माणसांच्या भूमिका वाटल्या. कुणी महापौर झाला, कुणी बँकवाला, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. प्रत्येकाचा हेतू वेगळा आणि इतरांपासून लपवलेला. लढाई बाजूलाच राहिली. खेळाडू कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन कुजबुजू लागले, एकमेकांना फितवू लागले. दोघांना तर द्वंद्व खेळायचं होतं, आणि त्यासाठी वेसलीकडे नियमच नव्हते. आपला खेळ पुरता फसला, असं त्याला वाटलं. मित्र मात्र पुढचा खेळ कधी, म्हणून मागे लागले.

पात्रं घेऊन खेळायच्या आजच्या सगळ्या कल्पनारम्य खेळांचं मूळ त्या संध्याकाळपर्यंत जातं. म्हणून ‘माझ्या टेबलावरचे खेळाडू राक्षसांशी लढायचं सोडून गावच लुटायला निघालेत, काय करू?’ असं एखादा नवा गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा पंच, काकुळतीने विचारतो, तेव्हा त्याला आधी ही गोष्ट सांगावीशी वाटते. कारस्थान या खेळात मागून शिरलेलं नाही. मराठीत खेळालाही ‘डाव’ म्हणतात आणि कपटालाही. या खेळाच्या बाबतीत ते दोन्ही अर्थ पहिल्या दिवसापासून एकत्र नांदत आले आहेत.

वेसलीच्या मंडळींत डेव्ह आर्नेसन होता. पुढच्या एका ब्राउनस्टाइनमध्ये, लॅटिन अमेरिकेतल्या एका छोट्या देशाच्या खेळात, त्याच्याकडे पत्रकं वाटणाऱ्या क्रांतिकारकाची भूमिका आली. त्याने बाकीच्यांना पटवलं, की आपण प्रत्यक्षात सीआयएचे हेर आहोत. लोकांनी विश्वासाने देशाची तिजोरी त्याच्या हवाली केली आणि हा हेलिकॉप्टरमधून पसार झाला, वर जाता जाता पत्रकं उधळून त्याचेही गुण मिळवले. नियमांत यातलं काही लिहिलेलं नव्हतं. वेसलीने मात्र विद्यापीठाच्या ग्रंथालयात 1880 सालचं चार्ल्स टॉटन यांचं युद्धखेळाचं पुस्तक वाचलं होतं. खेळाडूला काहीही करून पाहण्याची मुभा असावी आणि त्याचा निकाल पंचाने द्यावा, हे सूत्र त्याने तिथून घेतलं. पंच हा खेळाडूला अडवायला बसलेला नसतो, तो परिणाम ठरवायला बसलेला असतो, ही समज तिथली.

1971 च्या सुमारास आर्नेसनने ब्लॅकमूर नावाचं स्वतःचं काल्पनिक जग सुरू केलं, तेव्हा दुष्टपणा थेट पात्रांच्या अंगात आला. त्याच्या गटातल्या एका खेळाडूचं पात्र रक्तपिशाच्च झालं आणि सर फँग नावाने इतरांना छळू लागलं. पंचाने त्याला खेळातून काढलं नाही. पिशाच्चाला रोखू शकेल असं धर्मगुरूचं पात्र दुसऱ्या एका खेळाडूने घेतलं, आणि त्यातून पुढे ‘क्लेरिक’ हा पात्रवर्ग तयार झाला. आज जगभर कुठेही कुणी क्लेरिक खेळतो, तो एका खेळाडूच्या खलनायकीला दिलेलं उत्तर खेळत असतो. मला या इतिहासातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

दुसरं उदाहरण विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाचं. तिथे गॅरी गायगॅक्सच्या ग्रेहॉक जगात रॉब कुंट्झ हा तरुण रोबिलार नावाचं पात्र खेळायचा. रोबिलार स्वार्थी होता, पुढे उघड दुष्ट झाला. इतरांबरोबर खेळायचा कुंट्झला कंटाळा येई, म्हणून तो पुष्कळदा एकटाच खेळे. ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे गायगॅक्सचं जीवघेणं भुयार रोबिलारने ऑर्क या राक्षसी जमातीच्या चाकरांना पुढे घालून पार केलं. चाकर मेले, खजिना याला मिळाला. शहरातली एक खानावळ गुपचूप ताब्यात घेऊन तो तिथे बसून सगळ्यांच्या बातम्या काढायचा. मग त्याने गायगॅक्सने मेहनतीने रचलेलं ‘टेम्पल ऑफ एलिमेंटल ईव्हिल’ एकट्याने उद्ध्वस्त केलं आणि आत कोंडलेल्या झुगटमॉय या राक्षसीला मोकळं सोडलं.

इथे गायगॅक्सने जे केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. ‘तुला असं करता येणार नाही’ असं तो म्हणाला नाही. मंदिर पडू दिलं, राक्षसी सुटू दिली. पण त्या जगातली माणसं गप्प बसली नाहीत. रोबिलारच्या मागे एक फौज लागली आणि थेट त्याच्या किल्ल्यापर्यंत आली. किल्ला सोडून पळावं लागलं, खानावळही गेली. आपली कलाकृती मोडल्याचा गायगॅक्सला राग आला होताच, तरीही कुंट्झचं पात्र जिवंत राहिलं, पुढेही खेळत राहिलं.

गंमत अशी, की हाच गायगॅक्स छापील पुस्तकांत वेगळं बोलू लागला. त्याचा आणि आर्नेसनचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 साली आला तेव्हा प्रत्येक पात्राला कायदा, तटस्थता किंवा अनागोंदी यांपैकी एक बाजू निवडायची होती, आणि अनागोंदी निवडायला खेळाडूला मोकळीक होती. 1976 मध्ये त्याने लेख लिहून त्यात चांगलं-वाईट हा दुसरा अक्ष जोडला, आणि 1978 च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये आज सर्वांना ठाऊक असलेली नऊ खान्यांची ‘अलाइनमेंट’ आली. त्याच पुस्तकात मारेकऱ्याचं पात्र खेळाडूंसाठी होतं, अट एवढीच की तो दुष्ट असला पाहिजे. पण 1979 च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’ने पंचाच्या हातात छडी दिली. पात्राचं वागणं तक्त्यावर नोंदवत राहा, बाजू बदलली तर त्याची एक पातळी काप. त्रास देणाऱ्या खेळाडूच्या पात्रावर आकाशातून निळी वीज पाडण्याचाही सल्ला त्यात आहे. वर्ग सांभाळणाऱ्या मास्तरांसाठी हे ठीक असेल. पण ज्या माणसाने रोबिलारच्या मागे फौज धाडली, त्याच्याकडून हे वाचताना वाईट वाटतं. विजेला जगात कारण नसतं, फौजेला असतं.

शिक्षेने दुष्टपणाची ओढ कमी झाली नाही. जुलै 1980 च्या ‘ड्रॅगन’ मासिकात ‘अँटी-पॅलडिन’, म्हणजे शपथबद्ध धर्मयोद्धा ‘पॅलडिन’चा दुष्ट अवतार, छापून आला. तो फक्त पंचाने वापरायचा, असं स्पष्ट लिहूनही खेळाडूंना तोच हवा असायचा.

नंतर बाहेरचं वारं फिरलं. 1979 मध्ये मिशिगनमधला एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि वर्तमानपत्रांनी त्याचा संबंध या खेळाशी लावला. तो खरा नव्हता, पण पालकांची भीती खरी होती. सैतानपूजेचे आरोप झाले, मोहिमा निघाल्या. प्रकाशक टीएसआरने दुष्टपणा कधीही आकर्षक दाखवायचा नाही असा आचारसंहितेचा नियम लेखकांना घालून दिला. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीतून मारेकरी आणि अर्ध-ऑर्क ही पात्रं गेली, ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ यांची नावंसुद्धा बदलली. पुस्तकातून खलनायकी गेली, टेबलावरून गेली नाही. आणि आता ती हाताळायची कशी, याचं मार्गदर्शन करणारं कुणी उरलं नाही. ‘माझं पात्र असंच वागेल’ म्हणत सोबत्याचा खिसा कापणारा खेळाडू आणि त्याच्यावर हताशपणे चिडणारा पंच, हे परिचित भांडण अशाच पोकळीत वाढलं.

उत्तरं दुसऱ्या खेळांतून आली. 1984 च्या ‘पॅरानोइया’ने दगाबाजीलाच नियम केलं. प्रत्येक पात्र गुप्त संघटनेचं सदस्य, प्रत्येकाकडे सहा क्लोन, म्हणजे दगा होऊन मेलं तरी खेळणारा माणूस टेबलावरच राहतो. 2017 च्या ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये सगळेच गुन्हेगार. प्रत्येक कामगिरीनंतर ‘हीट’ मोजली जाते, ती भरली की ‘वाँटेड’ पातळी चढते, आणि ती उतरवायची तर टोळीतल्या कुणीतरी तुरुंगात जावं लागतं. गायगॅक्सने रागाच्या भरात जे एकदा केलं, ते या खेळाचे रचनाकार जॉन हार्पर यांनी हिशेबात बसवलं. पाठलाग पंचाच्या मर्जीवर राहिला नाही. तो खेळाडूंना समोर कागदावर दिसतो आणि तरीही ते डाव टाकतात.

दुसरी वाट माणसांच्या बाजूने निघाली. खेळ रचणारे रॉन एडवर्ड्स यांनी 2003 मध्ये ‘लाइन्स अँड व्हेल्स’ मांडल्या. काही गोष्टी आपल्या खेळात येणारच नाहीत, काही पडद्याआड घडतील, आणि हे खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांनी मिळून ठरवायचं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2020 च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकामध्ये अशा पहिल्या बैठकीला, म्हणजे ‘सेशन झीरो’ला, अधिकृत जागा मिळाली. पुस्तकं तोवर पुन्हा धीट झाली होती. 2014 च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये शपथ मोडलेला पॅलडिन आहे. तो खेळाडूंच्या पुस्तकात ठेवलेला नाही, पंचाच्या पुस्तकात आहे, म्हणजे विचारल्याशिवाय मिळत नाही. पाथफाइंडर या दुसऱ्या खेळाची 2016 ची ‘हेल्स व्हेंजन्स’ मालिका तर खेळाडूंना सैतानाशी करार केलेल्या राज्याचे चाकर करून सुरू होते.

माझ्या टेबलावर गेल्या पावसाळ्यात एकाने चिठ्ठी सरकवली: मुक्काम केलेलं गाव दरोडेखोरांना विकायचं. मी चिठ्ठी परत दिली आणि ती सगळ्यांसमोर वाचायला सांगितली. बाकीच्या तिघांनी थोडा वेळ विचार केला. मुलांना हात लागणार नाही, एवढी अट घातली आणि हो म्हणाले. गाव गेलं. गिरणीवाल्याची मुलगी वाचली, आणि आता तिने तलवार चालवायला शिकवणारा कुणीतरी शोधला आहे. हे चौघांनाही माहीत आहे. दर रविवारी बसायच्या आधी ते विचारतात, ती कुठवर आली?